उकळलेलं पाणी

तान्ह्या सृष्टीचे ओठ जांभळे पडले तेव्हा पहिली थप्पड सविताला बसली. मारणारी सासू होती, कडूबाई, आणि मारून झाल्यावर तीच चुलीपाशी बसून ढसाढसा रडली. नातीवर तिचा जीव होता, यात तिळाएवढंही खोटं नव्हतं. पण त्या घराची रीतच तशी होती. कुणाचा कुणावर जीव आहे हे तिसऱ्याच्या गालावरून कळायचं. बाप लेकाला हाणी, लेक बायकोला, आणि बैलाला सगळेच.

लेकरू डब्याच्या दुधावर वाढत होतं, हा सविताचा गुन्हा. बाळंतपणात ताप येऊन तिचं दूध आटलं होतं. ताप तिनं मागून आणला नव्हता, पण सासरी हे ऐकायला कुणाला वेळ आहे? आईच्या अंगावर न प्यालेलं लेकरू असंच काळवंडतं, असा निकाल कडूबाईनं देऊन टाकला होता. तरी म्हातारी हातावर हात धरून बसणारी नव्हती. पावडर कालवायला लागणारं विहिरीचं पाणी ती स्वतः उकळायची. आधी एकदा उकळायची, ओठ जांभळे दिसायला लागल्यावर दोनदा, आणि पुढे पुढे तर सकाळी पातेलं चुलीवर चढवलं की ते आटून अर्धं होईपर्यंत जागची हलायची नाही. पाणी दिसायला काचेसारखं आणि चवीला गोड होतं. त्याच्यावर कुणी संशय घेतला नाही.

घर गावात नव्हतं, आखाड्यावर होतं. झरीच्या शिवाराला लागून असलेल्या त्या गावात ज्याची जमीन बरी तो शेतातच घर बांधून राहतो आणि त्याला आखाडा म्हणतो. भागवतचा आखाडा त्यात उजवा. दारात विहीर, विहिरीला खेटून हळदीचा तुकडा. ही हळद साधीसुधी नव्हती. चंपाषष्ठीला गावच्या खंडोबावर जो भंडारा उधळतात तो ह्याच तुकड्यातल्या हळदीचा, हा मान भागवतच्या आज्यापासून त्या घराकडे होता. भागवत हा सविताचा सासरा. बोलायला मऊ माणूस, पण मानाच्या गोष्टीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही. कानानं त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून त्याचा फोन कायम मोठ्या आवाजावर असायचा आणि घरातली भांडणं पाहुण्यारावळ्यांनाही घरबसल्या ऐकायला मिळायची.

विहिरीच्या खाली, उताराला नाला होता, आणि नाल्याच्या पलीकडे धम्मानंदचा डुकरांचा गोठा. बौद्धवाड्यातला हा पोरगा शेतीची पदविका घेऊन आला, नोकरीच्या मागं चपला झिजवल्या, आणि शेवटी आई चांगुणाबाई आणि बायको बबिता यांना हाताशी धरून त्यानं विलायती पांढरी डुकरं पाळली. धंदा बरा चालला होता. गावाला ते खुपायचं. गावात कुणाची म्हैस आटली तरी डुकरांमुळं, कुणाच्या पोराचं लग्न मोडलं तरी डुकरांमुळं. माणसं नाल्यावरून जाताना नाकाला रुमाल लावायची आणि पुढं जाऊन उकिरड्यावर बसून गप्पा हाणायची.

दिवाळीला सविता येलदरीला माहेरी गेली. तिथं आई रुख्मिणीनं धरणाच्या नळाच्या पाण्यात तीच पावडर कालवली आणि आठवडा गेला नाही तोच सृष्टी गुलाबासारखी दिसायला लागली. सविताला वाटलं, माहेरची माया लागली. परत सासरी आली आणि लेकराचे ओठ पुन्हा जांभळे. कडूबाईनं दृष्ट काढली, अंगारा लावला, सुनेच्या माहेरचं खापर सुनेच्या डोक्यावर फोडलं आणि पाणी आणखी उकळलं.

चंपाषष्ठीच्या सकाळी सृष्टीचं अंग पाटीसारखं करडं पडलं. रडणंही इतकं बारीक झालं की मांजराचं पिल्लू कुठंतरी अडकलंय असं वाटावं. सविताचा नवरा हरिओम देवळात निघाला होता, कपाळाला भंडारा लावून. तो तसाच मोटारसायकलवर बसला, मागं लेकराला छातीशी धरून सविता, आणि रिक्षानं भागवत. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लेकराच्या तोंडाला हवेची नळी लावली. रंग बदलला नाही. मग त्यांनी सुई टोचून रक्त काढलं. ते रक्त लाल नव्हतंच. गुळाच्या काकवीसारखं होतं, काळपट तपकिरी.

बाईंनी धावपळ करून निळ्या रंगाचं एक औषध शिरेतून सोडलं. सविता लेकराच्या कानाकडं बघत उभी होती. आधी कानाची पाळी गुलाबी झाली, मग ओठ, मग नखं. थोड्या वेळानं सृष्टीनं पाय झाडून असा टाहो फोडला की शेजारच्या खाटेवरची बाई हसली. सविताला आपण रडतोय हे गळ्यावरून पाणी ओघळल्यावर कळलं.

डॉक्टरीणबाईंनी मग पाण्याचं विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं, की जनावराचं शेणमूत नाहीतर खत एका जागी फार झालं की त्यातलं नत्र पावसाबरोबर जमिनीत खाली खाली उतरतं आणि विहिरीला मिळतं. मोठ्या माणसाला चटकन काही होत नाही, पण तान्ह्या लेकराचं रक्त नासतं, श्वास घेऊनही हवा अंगी लागत नाही. परदेशात डुकरांचे मोठमोठे वाडे असतात, तिथल्या विहिरींनीही हेच केलेलं आहे. आणि उकळून हे जात नाही, उलट पाणी आटतं आणि विष आहे तेवढंच मागं राहतं. विहिरीजवळ असं काय आहे, एवढं शोधा आणि ते पाणी लेकराला थेंबभरही देऊ नका.

डुकरं हे एकच नाव हरिओमच्या कानात शिरलं. नाल्यापल्याड डुकरं आहेत, असं तो म्हणाला. बाई म्हणाल्या, असतीलही, नसतीलही, आधी नीट बघा. पण पुढचं ऐकायला तो तिथं नव्हता. अर्धी गोष्ट ऐकून कुऱ्हाड उचलणाऱ्यांची आपल्याकडं कधी टंचाई पडलेली नाही. निरोप मिळताच येलदरीहून निघालेली त्याची सासू रुख्मिणी जिन्यात धापा टाकत वर येत होती, तिच्याकडंही त्यानं बघितलं नाही.

सविता मात्र सासऱ्याकडं बघत होती. भागवतच्या तोंडावरचा रंग उतरला होता. आणि एरवी चारचौघांत ओरडून बोलणारा हा माणूस फोन घेऊन एकटाच जिन्याच्या खालच्या वळणावर गेला. सविताला वाटलं, लेकाला थांबवायला गेला असेल. तिनं स्वतः हरिओमला फोन लावला, पुन्हा लावला, त्यानं उचलला नाही. तेवढ्यात तिला वैशाखातली ती दुपार आठवली.

सातव्या महिन्यात माहेरी जायच्या आधीची गोष्ट. उन्हात चिटपाखरू बाहेर नव्हतं. ती दारात पाय पसरून बसली होती आणि धम्मानंदचा टेम्पो ताडपत्री झाकलेली टाकी घेऊन हळदीच्या तुकड्यात शिरला होता. काळ्या रानाला उन्हाळ्यात माणसाचा पाय आत जाईल अशा भेगा पडतात. भागवतनं नळी धरली आणि टाकीतलं काळं पातळ त्या भेगांत सोडलं, विहिरीच्या कडेकडेनं, कारण हळदीचे वाफे तिथंच पडायचे होते. धम्मानंद म्हणाला होता, काका, सगळ्या रानात पसरून टाका, एका जागी एवढं जिरवू नका. त्यावर भागवतनं हात झटकले होते. पसरलं तर वास सुटणार, वास सुटला तर माणसं विचारणार, आणि खंडोबाच्या भंडाऱ्याची हळद डुकराच्या खतावर वाढते हे गावाला कळणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याच्या आदल्या उन्हाळ्यातही असंच झालं होतं, तेव्हा ती नवी नवरी होती. दोन्ही वर्षं हळद तरारली होती, आणि पहिल्या वर्षाची तर बाजारात लोक हाताळून बघायचे. टाकी कसली, असं तिनं विचारल्यावर शेणाची स्लरी आहे, एवढंच सासऱ्यानं सांगितलं होतं. वासानं तिला उमगलं होतं. गप्प राहणं मात्र तिचं स्वतःचं.

भागवत वर आला तेव्हा तिनं त्याला विचारलंच. विहिरीत काय उतरलंय ते तुम्हाला ठाऊक आहे, आता फोन करून सांगा, नाहीतर तिकडं मुडदा पडेल. भागवतनं आधी कानावर हात ठेवले. मग हळूच म्हणाला, "सविता, त्यो भंडारा हाय. आख्ख्या गावानं कपाळाला लावलाय. काय तोंड दाखवू? डुकरं एकदा गेली की समदं आपसूक नीट होईल."

 धम्मानंदचं काय होईल ते होईलच, पण त्याहून मोठी गोष्ट तिला लख्ख दिसली. डुकरं मेली की विहीर बरी झाली, असं ही माणसं ठरवणार. चोर सोडून संन्याशाला फाशी देणार आणि उद्या पुन्हा तेच पाणी तिच्या लेकीच्या बाटलीत घालणार. आज निळं औषध जवळ होतं. आखाड्यावर ते कुठून येणार? विहिरीत काय आहे हे सगळ्यांसमोर, भागवतच्याच तोंडून निघाल्याशिवाय सृष्टी त्या घरात जगणार नव्हती.

तिनं लेकरू आईच्या मांडीवर दिलं. विहिरीचं पाणी द्यायचं नाही, एवढं घाईघाईत बजावलं आणि सासऱ्याच्या दंडाला धरून त्याला रिक्षात बसवलं. सासऱ्याच्या अंगाला तिनं आयुष्यात पहिल्यांदा हात लावला होता. रस्ताभर भागवत गुडघ्यावरचं धोतर चुरगाळत राहिला. समोरून एक काळीपिवळी जीप भरधाव गेली, तिच्यात कोण बसलंय ते दोघांनीही पाहिलं नाही.

हरिओमला गाव गोळा करायची तसदी घ्यावी लागली नव्हती. चंपाषष्ठीमुळं सगळं गाव देवळातच होतं, अंगभर भंडारा माखून. त्यानं पायरीवर उभं राहून एवढंच सांगितलं की माझी पोरगी डुकरांच्या घाणीनं मरायलीय. पुढचं काम गर्दीनं केलं. कुणी कुऱ्हाड आणली, कुणी टिकाव, कुणी बैलगाडीच्या जुवातलं दांडकं, शिवळ, उपसून आणली. पुजारी बन्सीधर भंडाऱ्याचं ताट हातात तसंच धरून निघाला, जणू ही पालखीच होती.

नाल्यावर रिक्षा थांबली तेव्हा आधी आवाज आला. डुक्कर मरताना माणसासारखं ओरडतं, हे सविताला त्या दिवशी कळलं. गोठ्याचे पत्रे खाली आले होते. पिवळ्या कपाळांची माणसं आत शिरून मिळेल त्या जनावरावर घाव घालत होती. एका मादीची पाठ फुटली होती आणि तरी ती पिल्लांवरून उठत नव्हती. तीन-चार जण तिला टिकावानं ओढत होते आणि एकजण हसत होता. पिल्लांना पायाला धरून खांबावर आपटत होते. नाल्याचं पाणी लाल झालं होतं. ज्या माणसांच्या घरी मुंगीला साखर घालतात ती माणसं कोपरापर्यंत रक्तात होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग कमी आणि सणाचा उत्साह जास्त होता. हेच सविताला सहन झालं नाही.

चांगुणाबाई बांधावर पडली होती, डोक्यातून रक्त वाहत होतं, आणि लेकाचं नाव घेत ती मातीवर हात आपटत होती. धम्मानंदला चौघांनी उताणं दाबून धरलं होतं. बबिता एकाच्या हाताला कडकडून चावली, त्यानं तिला लाथेनं दूर उडवलं. धम्मानंद ओरडून सांगत होता, "भागवत काकांना इचारा ओ. त्यायनंच नेलं. म्या पसरा मनलो होतो." ऐकणारं कुणी नव्हतं. बापाचं नाव त्याच्या तोंडून निघालेलं ऐकून हरिओमच्या डोळ्यांत रक्त उतरलं. त्यानं शिवळ दोन्ही हातांनी वर नेली आणि धम्मानंदच्या गुडघ्याखाली घातली. हाड मोडल्याचा आवाज डुकरांच्या ओरड्यातूनही सगळ्यांना ऐकू आला. त्यानं पुन्हा घातली, त्याच जागी.

सविता पळत आली आणि तिसरा घाव खाली यायच्या आत धम्मानंदच्या अंगावर आडवी पडली. कुणाची तरी काठी तिच्या दंडावर बसली आणि हात खांद्यापर्यंत बधिर झाला. हरिओमनं तिला केसांना धरून उपसलं. परपुरुषाच्या अंगावर पडलेली बायको बघून गर्दीतून एक घाणेरडी शिवी आली. तिनं केस सोडवले नाहीत. केस नवऱ्याच्या मुठीत तसेच ठेवून ती बन्सीधरला म्हणाली, "तुमच्या हातात खंडोबाचं ताट हाय ना? मग मामांना बेल-भंडार उचलू द्या. हिरीपाशी काय पुरलंय ते त्यायनी देवाच्या शपथेवर सांगू द्या. न्हाई मनले तर मला बी ह्याच्यासंगं मारा."

बेल-भंडाराचं नाव निघालं की त्या गावात हात थांबतो. खंडोबाच्या भंडाऱ्यावर बेलाचं पान ठेवून जो बोलेल ते खरं, आणि खोटं बोलेल त्याचा वंश बुडतो. कोर्टात खोटी साक्ष देऊन चहा पिणारी माणसंही ह्या ताटापुढं चाचरतात. हरिओमची मूठ सैल झाली. माणसांनी वाट केली आणि भागवत पुढं आला. कुणीतरी त्याच्या डोईवरची टोपी नीट केली. आपला मानकरी आहे, आत्ता ह्या सटवीचं तोंड बंद करील, अशा कौतुकानं लोक त्याच्याकडं बघत होते.

बन्सीधरनं ताट धरलं. भागवतनं बेलाचं पान उचललं. त्याची बोटं हळूहळू भंडाऱ्याकडं निघाली, आणि सविताला समजलं की हा माणूस खोटी शपथ घेणार आहे. नातीच्या जिवापेक्षा टोपी जड झाली होती.  खाली धम्मानंद दातांत पदराचं टोक धरावं तसं स्वतःचं मनगट धरून कण्हत होता.

पान भंडाऱ्याला टेकायच्या आत भागवतच्या खिशातला फोन वाजला. सवयीनं त्यानं डाव्या हातानं काढून कानाला लावला, आणि मोठ्या आवाजावरचा तो फोन सगळ्या गर्दीला ऐकू आला. कडूबाई होती. आवाजात नुसता आनंद. सकाळी जिन्यातून भागवतनं तिला फोन करून पोरगी बरी आहे, डुकरांमुळं झालं होतं, एवढंच सांगितलं होतं. पाण्याचं अक्षर काढलं नव्हतं, कारण पाण्याचं निघालं असतं तर पुढचं सगळंच निघालं असतं.

"अवो, म्या जीपनं दवाखान्यात आलेव," कडूबाई सांगत होती. "लेकरू बाजारच्या गार पान्यावर कसं जगंल? सकाळधरनं उकळून उकळून आटवलेलं आपल्या हिरीचं पानी, त्याच्यातच दूध कालवून थर्मासमदी आनलं. इहीनबाई आधी नगं मनल्या, म्या मनलं उकळलेलं हाय. लय भुकेजली होती बगा. गटागटा पियालीय."

पलीकडून लेकरू बाटली ओढत असल्याचा चपचप आवाज येत होता. नाल्यावरच्या माणसांना तो स्पष्ट ऐकू आला. भागवतच्या हातातलं पान खाली पडलं. मग आयुष्यभर मऊ बोललेला तो माणूस असा ओरडला की धम्मानंदचंही कण्हणं थांबलं. "काढ. तोंडातली बाटली काढ, कडू. डॉक्टरनीला बोलीव. त्या हिरीत डुकराचं खत उतरलंय. म्याच घातलंय हळदीत, दोन साल झालं, म्याच घातलंय."

बन्सीधरच्या हातून ताट निसटलं आणि भंडारा रक्ताच्या चिखलात पडला.

 गर्दीतल्या एकाचा हात कपाळाकडं गेला. त्यानं बाहीनं कपाळ पुसलं, बाही हुंगली आणि पुन्हा पुसलं. त्याचं बघून दुसऱ्यानं पुसलं. काही वेळापूर्वी डुकराच्या रक्तात हात बुचकळून हसणारी माणसं आता हळदीच्या ठिपक्याला किळसली, आणि बघता बघता सगळी नाला चढून विहिरीकडं पळाली. मोटर चालू केली आणि त्याच विहिरीच्या पाण्यानं कपाळं धुवायला लागली, चुळा भरायला लागली. धम्मानंदकडं वळून कुणी पाहिलं नाही. तो पडला होता तिथंच पडला होता.

हरिओम तेवढा मागं राहिला. हातात शिवळ होतीच. तो बापाकडं बघत होता आणि बाप फोनमध्ये हॅलो हॅलो करत होता. पहिला फटका तोंडावर बसला. दात आणि फोन एकदमच खाली पडले. भागवतनं हात वर केले नाहीत. दुसरा बरगडीत बसला, मग खांद्यावर, मग माती कुटावी तसा हरिओम कुटतच राहिला, आणि प्रत्येक फटक्याला तो लेकीचं नाव घेत होता. त्या घराची रीत अशी होती. बन्सीधरनं शेवटी मागून कवळा घालून त्याला थांबवलं तेव्हा भागवत जिवंत होता, पण उठून बसण्यासारखा राहिला नव्हता.

सवितानं नवऱ्याला थांबवलं नाही. तिनं बबिताच्या जोडीनं धम्मानंदला उचललं. बबिताच्या ओठातून रक्त येत होतं. ती सविताकडं न बघता म्हणाली, "उन्हाळ्यात टाकी आली तवा तू दारातच बसलेली होतीस. आत्ता कामून हात लावायलीस?"  सवितानं धम्मानंदचा मोडलेला पाय आपल्या मांडीवर घेतला, चांगुणाबाईला पुढं बसवलं आणि रिक्षा निघाली. खड्डा आला की धम्मानंद ओरडायचा आणि ती पायाखाली हात घालायची. आईचा फोन लागत होता पण उचलला जात नव्हता.

दवाखान्यात धम्मानंदला आत नेलं. पाय वाचेल का नाही, हे कुणी सांगेना. पुढं तो गुडघ्याखाली काढावाच लागला. सविता रक्तानं भरलेल्या लुगड्यानिशी जिना चढून वर गेली. सृष्टीच्या हातात पुन्हा सुई होती. अंगाचा रंग पाटीसारखा झाला होता. डॉक्टरीणबाई खाटेवर वाकलेल्या होत्या आणि निळं औषध थेंबाथेंबानं आत चाललं होतं. रुख्मिणी भिंतीला डोकं लावून उभी होती. सविता खाटेपाशी गेली आणि लेकीच्या कानाकडं बघत उभी राहिली. खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं तेव्हा पाळीचा कडेचा भाग थोडासा गुलाबी दिसला. नंतर ओठ. डॉक्टरीणबाईंनी आता बरं आहे अशी मान हलवली आणि घाम पुसला.

मग तिला खाटेच्या पायथ्याला, कोपऱ्यात फरशीवर बसलेली कडूबाई दिसली. थर्मास तिच्या मांडीवर होता आणि दोन्ही हातांनी तिनं तो धरून ठेवला होता, कुणी हिसकावून नेईल असा. नवऱ्याचं काय झालं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नातीला काय झालं हे सांगितलं होतं, पण ते तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. तिनं सुनेकडं वर पाहिलं. एवढ्या वर्षांत तिनं कुणाला इतक्या हळू आवाजात काही विचारलं नसेल.

"सविता, माझ्याकडनं कमी उकळलं का गं?"

सविताचा हात उठला. कडूबाईनं गाल बाजूला केला नाही, उलट थोडा पुढंच केला. त्या हातानं सवितानं तिच्या मांडीवरचा थर्मास घेतला, मोरीत नेऊन उपडा केला आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला. मग ती परत येऊन सासूच्या शेजारी फरशीवर बसली.

"न्हाई आत्या," ती म्हणाली. "तुमी लय उकळलंत."